बंदुकीच्या दस्त्याला तेल आणि मेण: काय अडतं, काय अडत नाही

निवडणूक जाहीर झाली की सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी परवानाधारकांना नोटीस येते: हत्यार पोलिस ठाण्यात जमा करा. मग बंदूक महिना-दोन महिने ठाण्याच्या खोलीत इतर बंदुकांना टेकून उभी राहते. आचारसंहिता उठली की पावती दाखवून ती घरी आणायची. घरी आल्यावर तक्रारी सुरू होतात. दस्त्यावर पांढुरके डाग पडलेत, तळाची पट्टी हलतेय, लोखंडाला लागून लाकडात केसाएवढी चीर दिसतेय. कोणी सांगतं खोबरेल चोळा, कोणी सांगतं मशीनचं तेल. कोणी थेट फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडे न्यायला सांगतं. या शेवटच्या सल्ल्यात कायद्याची अडचण आहे, तिच्याकडे पुढे येतो.

बहुतेक गोंधळाचं मूळ एका समजुतीत आहे. तेल लावलं की लाकूड वॉटरप्रूफ झालं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. तेल-मेणाचा हात पावसाच्या सरीपासून, हाताच्या घामापासून आणि रात्रीच्या दवापासून लाकूड वाचवतो. बदलत्या ऋतूपासून वाचवत नाही. हा फरक ध्यानात आला की कोणतं तेल, कुठे, किती आणि केव्हा याची उत्तरं बरीचशी आपली आपणच सापडतात.

लाकूड पाणी पितं म्हणजे काय?

बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग म्हणजे दस्ता. बाराबोर शॉटगनला तो मागच्या बाजूला असतो आणि नळीखाली धरायला लाकडाचा वेगळा छोटा तुकडा असतो. अनेक रायफलींत मात्र एकच सलग लाकूड मागून पुढपर्यंत जातं आणि नळी त्यातल्या पन्हळीत बसते. या कामात अक्रोडाला जगभर पहिला मान आहे, कारण ते वजनाच्या मानाने मजबूत असतं, धक्का सोसतं आणि एकदा नीट सुकलं की फारसं वाकत नाही. देशी बंदुकांवर शिसवीसारखी इतर लाकडंही दिसतात.

कोणतंही लाकूड असो, त्याची आतली रचना कडब्याच्या पेंढीसारखी असते. ज्वारीची ताटं एकत्र बांधलेली, सगळ्यांची तोंडं दोन टोकांना. पेंढीवर बाजूने पाणी मारलं तर बरंचसं ओघळून जातं. तीच पेंढी कापलेल्या बाजूने पाण्यात उभी केली तर ताटं आतून पाणी ओढतात. ओली पेंढी जाडीला फुगते आणि बंध ताणला जातो, पण ताटांची लांबी काही वाढत नाही.

दस्त्याचंही अगदी असंच होतं. लांबीत त्याचा फरक मोजण्याइतकाही पडत नाही, सगळा फरक जाडीत आणि रुंदीत पडतो. पाण्याचा खरा रस्ता म्हणजे कापलेली तोंडं. त्यातलं सगळ्यात मोठं तोंड तळाच्या पट्टीखाली, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लोखंडी किंवा रबरी पट्टीखाली लपलेलं असतं. कित्येक बंदुकांच्या दस्त्याला बाहेरून आरशासारखं पॉलिश असतं आणि ती पट्टी काढली की खाली कोरडं, उघडं लाकूड निघतं.

नवी पेठेतून पावसाळ्यात जाताना बँकेबाहेरचा रखवालदार बघा. दिवसभर बंदूक हातात धरणं शक्य नसतं, म्हणून तो ती पायाशी उभी करतो, दस्ता खाली आणि नळी वर. खालची फरशी ओली असते. पट्टीच्या कडेने पाणी आत शिरतं आणि उघड्या तोंडातून वर चढतं. अशा बंदुकीचे स्क्रू गंजलेले निघतात आणि भोकाभोवतीचं लाकूड निळसर काळं पडलेलं असतं. ती बुरशी असेलच असं नाही. अक्रोडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य ओल्या लोखंडाला भेटलं की असा काळा रंग तयार होतो.

सोलापुरात पाऊस कमी, मग इतकी काळजी कशाला?

हा प्रश्न कोणीही विचारेल. आपला जिल्हा अवर्षणाचा. पाऊस पडला तर त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. कोकणातल्या बंदुकीला जेवढी ओल सोसावी लागते तेवढी इथे नाही, हे खरंच आहे.

पण लाकडाला ओल जेवढी छळते, त्याहून जास्त छळतो तो चढउतार. लाकूड आजूबाजूच्या हवेशी हिशोब जुळवत राहतं. हवा दमट झाली की बाष्प घेतं, कोरडी झाली की सोडतं. एप्रिल-मेच्या दुपारी इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि हवेची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. तशी हवा टिकून राहिली तर लाकूड स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ४-५ टक्के पाणी धरून स्थिरावेल. ऑगस्ट-सप्टेंबरात आर्द्रता ऐंशीच्या घरात गेली की तेच लाकूड १५ टक्क्यांकडे सरकतं.

अक्रोडातलं पाणी एका टक्क्याने बदललं की रुंदीत साधारण पाव टक्का फरक पडतो. दहा टक्क्यांचा पूर्ण फरक पडला तर ५० मिलिमीटर रुंदीच्या जागी सव्वा मिलिमीटर. रात्रीची हवा दिवसापेक्षा ओली असते आणि लाकूड सावकाश चालतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी भरतो. तरी लोखंड आणि लाकूड जिथे कागद शिरणार नाही इतकं घट्ट बसवलेलं असतं, तिथे अर्धा मिलिमीटरही खूप झाला.

मे महिन्यात लाकूड आखडतं आणि स्क्रू सैल होतात. बार उडवला की धक्का लाकडाच्या पूर्ण तोंडावर न बसता एखाद्या कोपऱ्यावर बसतो. दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे मूठ धरायच्या बारीक भागापाशी, लाकडात शिरलेल्या लोखंडाच्या शेपटीमागे जी चीर दिसते तिचं हे नेहमीचं कारण. मालक स्क्रू करकचून आवळतो. पुढे सप्टेंबरात लाकूड फुगतं, आवळलेल्या लोखंडाला जाऊन भिडतं आणि दबतं. दबलेला भाग पुढच्या उन्हाळ्यात आणखी सैल. म्हणून उन्हाळ्यात स्क्रू बोटाने लागेल तितका आणि वर थोडासा, एवढंच. आपल्या भागात पावसापेक्षा मे महिन्याने फोडलेले दस्ते जास्त असणार, असं माझं मत आहे.

सलग लाकडाच्या रायफलीत वेगळीच गंमत होते. लाकूड एका बाजूने जास्त फुगलं की पन्हळ नळीला कडेने दाबते आणि नेम सरकतो. नेमबाज वैतागून दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतो, आणि दोष असतो हवेचा.

तेल सुकतं म्हणजे उडून जातं का?

नाही. पाणी किंवा टर्पेंटाइन सुकतं तेव्हा ते हवेत उडून जातं. जवसाचं तेल सुकतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रवाचा चिवट पापुद्रा होतो. सुकल्यावर त्याचं वजन कमी होण्याऐवजी वाढतं. स्वयंपाकघरात तेलाच्या किटलीच्या तोंडाशी जो पिवळट चिकट थर जमतो आणि साबणाने निघता निघत नाही, तो याच प्रक्रियेने झालेला असतो.

सगळी तेलं अशी सुकत नाहीत. सुकण्याची क्षमता मोजायला रसायनशास्त्रात आयोडीन मूल्य नावाचा आकडा वापरतात. आकडा जितका मोठा, तितकं तेल सुकायला उत्सुक. जवसाचा आकडा १७० ते २०० च्या दरम्यान असतो. करडईचा १४० च्या आसपास, सूर्यफुलाचा त्याहून थोडा कमी, शेंगतेलाचा नव्वदच्या आसपास. खोबरेलाचा दहाच्याही खाली. म्हणून खोबरेल चोळलेला दस्ता आज चकाकतो आणि उद्याही ओशटच राहतो, त्याचा पापुद्रा कधी धरतच नाही. त्यावर धूळ बसते, हात लावला की चिकटतं. शेंगतेलाचंही तेच, वर खवट वास येतो तो वेगळा.

रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' लिहिलेलं जवसाचं तेल मिळतं. नाव काहीही असो, ते आता नुसतं उकळून करत नाहीत. लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगं घालतात. साधं घाण्याचं जवस तेल सुकायला आठवडा किंवा त्याहून जास्त घेतं, हे एक-दोन दिवसांत सुकतं. डब्यावर 'जवस' दिसलं म्हणून कोणी ते भाकरीबरोबरच्या चटणीवर ओतू नये. ते खायचं तेल नव्हे.

घाण्याचंच तेल वापरायचं असेल तर एक जुना उपाय आहे. पसरट काचेच्या भांड्यात बोटभरापेक्षा कमी तेल घ्यायचं, धूळ पडू नये म्हणून वर काच ठेवायची, पण हवेला फट सोडायची, आणि काही आठवडे उन्हात ठेवून मधूनमधून ढवळायचं. तेल दाट होतं आणि नंतर लवकर सुकतं. युरोपातले चित्रकार हे करत आले. त्यांना ऊन शोधावं लागायचं, आपल्याला सावली शोधावी लागते.

घरचं करडईचं तेल चालेल का?

हा प्रश्न इथेच विचारला जाऊ शकतो, कारण करडई आपल्या काळ्या रानातलं पीक आहे आणि सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तिच्यावर वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे. उत्तर असं: चालेल, पण धीर लागेल. करडई सुकणाऱ्या तेलांच्या गटात मोडते. ती जवसापेक्षा हळू सुकते आणि पापुद्रा थोडा मऊ राहतो. फायदा एकच, ती जवसाइतकी पिवळी पडत नाही.

आपल्या देशात तिचा जलरोधक म्हणून वापर जुनाच आहे. करडईचं तेल तासन्‌तास तापवून दाट केलं की रोगण होतं. तेव्हाच्या वायव्य सरहद्दीकडचे कारागीर हे रोगण कापडावरच्या नक्षीला वापरत. पाण्यात राहणारं चामडं आणि विहिरीचे दोर टिकावेत म्हणूनही करडईचं तापवलेलं तेल लावत. दस्त्यासाठी घरी असला उद्योग करू नका. तापलेलं तेल पेट घेतं. दुकानातलं जवस तेल स्वस्त आहे, ते आणा.

इतकं करून पाणी अडतं तरी किती?

इथे थोडं निराश व्हावं लागेल. अमेरिकेच्या वनउत्पादन प्रयोगशाळेने वेगवेगळे लेप दिलेले लाकडी तुकडे खूप दमट हवेत ठेवून बाष्प किती अडतं ते मोजलं. जवस तेलाचे तीन हात दिलेल्या लाकडाने पहिल्या दिवशी साधारण एक तृतीयांश बाष्प अडवलं. चौदाव्या दिवशी जवळजवळ शून्य. फर्निचरला लावायच्या मेणाची गत त्याहून वाईट. वितळलेल्या पॅराफिन मेणात, म्हणजे मेणबत्तीच्या मेणात, बुडवून काढलेल्या लाकडाने मात्र चौदाव्या दिवशीही ९५ टक्के अडवलं.

म्हणजे तेल फुकट का? तसंही नाही. ही चाचणी बाष्पाची होती. बाष्पाचे सुटे कण तेलाच्या पापुद्र्यातून आरपार जातात, पाण्याचा थेंब जात नाही. रानात पिकाची राखण करताना अर्धा तास सर आली, रात्रभर दव पडलं, घामेजल्या हाताने दस्ता धरला, तर तेल-मेण केलेल्या लाकडावर पाणी मोती होऊन थांबतं आणि घरी येऊन पुसायला वेळ मिळतो. तेलाने मिळतो तो हा वेळ.

ऋतूचा चढउतार सांभाळायचं काम जागेचं आहे. बंदूक बाहेरच्या भिंतीला, पत्र्याखाली किंवा कूलरच्या झोताजवळ ठेवायची नाही. कॅनव्हासचं किंवा फोमचं कव्हर ने-आण करण्यापुरतं. त्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बंदूक ओल धरते, लाकूड फुगतं आणि लोखंड गंजतं, दोन्ही एकदम. ठाण्यात जमा करतानाही शक्य असेल तर कव्हर काढूनच द्या, आणि पावतीवर दस्त्याची अवस्था एका ओळीत लिहून घ्या.

आणखी एक. तेल सगळीकडे सारखं हवं. बाहेरून सहा हात आणि पन्हळ कोरडी, असं असेल तर एक बाजू लवकर बाष्प घेते, दुसरी उशिरा, आणि लाकूड पिळवटतं. वरची शोभा बघणारा माणूस आतली बाजू नेमकी विसरतो.

मेण कशाला?

तेल लाकडाच्या आत मिलिमीटरभर, फार तर थोडं जास्त शिरतं. मेण वरच राहतं. मेणाने थेंब घसरतो, पकड सुधारते आणि बारीक ओरखडे मेणावरच निभावतात.

मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, पण मऊ व्हायला त्याच्या कितीतरी आधी लागतं. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीवर नुसतं मधमाशीचं मेण असेल तर ते चिकट होतं, कव्हरचे तंतू त्यात अडकतात आणि बोटांचे ठसे उमटतात. म्हणून त्यात थोडं कार्नोबा मेण मिसळावं. हे ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, ८० अंशांच्या पुढे वितळतं आणि फार कडक असतं. बुटांच्या आणि गाड्यांच्या पॉलिशमध्ये ते असतं. नुसतं कार्नोबा लावलं तर घासताना घाम फुटतो, म्हणून मिश्रण बरं.

फौजी हत्यारं जमवणाऱ्यांचं आवडतं मलम अगदी सोपं आहे: मधमाशीचं मेण, डबल बॉइल्ड जवस तेल आणि टर्पेंटाइन, तिन्ही समान. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, गॅस बंद करायचा, भांडं शेगडीपासून दूर न्यायचं आणि मगच टर्पेंटाइन घालायचं. टर्पेंटाइनची वाफ भडकते.

पॅराफिन ९५ टक्के अडवतं तर अख्खा दस्ताच त्यात का बुडवू नये? कारण तो हातातून निसटेल, उन्हात पाझरेल आणि पुढे कधी दुसरं काही लावायचं ठरवलं तर लाकूड ते धरणार नाही. पण तळाच्या पट्टीखालच्या त्या लपलेल्या तोंडाला, तेल पूर्ण सुकल्यावर, साधी मेणबत्ती घासून केस वाळवायच्या मशीनने मुरवली तर ते पैसे न लागणारं चांगलं काम आहे.

लावायचं कसं?

पहिल्यांदा नळीत काडतूस नाही हे डोळ्याने बघा, बोट घालून बघा, मग पुन्हा बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

जुन्या दस्त्यावर पॉलिश पेपर घेऊन तुटून पडू नका. लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलं की ती पायरी कधीच भरून येत नाही. कोरलेली नक्षी असेल तर तिथे पेपर लावायचाच नाही, जुना दात घासायचा ब्रश पुरतो. टर्पेंटाइन लावलेल्या कापडाने मळ काढा. आपटून पडलेला खड्डा असेल तर त्यावर ओलं सुती कापड ठेवून इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू येत नाहीत.

लाकूड उघडं झालं असेल तर ते ओल्या कापडाने पुसा, सुकू द्या. अंगावर काटा आल्यासारखे बारीक तंतू उभे राहतील, ते चारशे नंबरच्या पेपरने हलक्या हाताने उतरवा. मग पहिला हात: तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे. पातळ असल्याने आत शिरतं. वीस मिनिटांनी जे वर राहिलं ते सगळं पुसून काढायचं. सगळं म्हणजे कोरडं कापड कोरडंच राहीपर्यंत. इथेच लोक चुकतात. जाड थर सोडला की वरचा पापुद्रा सुकतो, खालचं तेल ओलं राहतं आणि दस्ता महिनोन्‌महिने चिकट राहतो.

पुढचे हात बिनटर्पेंटाइनचे. तळहातावर चार-पाच थेंब, बस. तळवा लाकडावर दाबून गोल फिरवत राहा. सुरुवातीला हात सहज घसरतो. मिनिटा-दोन मिनिटांत घासून लाकूड कोमट होतं, मग हात अडखळायला लागतो आणि तळव्याखाली किंचित चिकट ओढ जाणवते. ती जाणवली की थांबायचं आणि कापडाने पुसायचं. दुसऱ्या दिवशी, किंवा पूर्ण सुकल्यावर, पुढचा हात. असे पाच-सहा. कापलेल्या तोंडांना मात्र हिशोब ठेवू नका, ती पितील तितकं पाजा.

जुन्या कारागिरांचा एक दंडक सांगतात: आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा आणि मग आयुष्यभर वर्षातून एकदा. ऐकायला छान आहे. रोज लावल्याने आधीचा हात सुकायच्या आत पुढचा चढतो, आणि जवस तर वर्षानुवर्षं काळवंडत जातं. पाच-सहा हात आणि मग वर्षातून एकदा, एवढ्यावर माझ्या मते भागतं.

दोन-तीन आठवडे सुकू दिल्यावर मेण. करंगळीच्या टोकाएवढं घ्यायचं, पसरायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, सुती कापडाने घासायचं. वर्षभरात कधीही पाण्याचा थेंब टाकून बघा. गोल उभा राहिला तर ठीक. पसरट होऊन खालचं लाकूड गडद दिसायला लागलं तर मेणाची वेळ झाली.

कामाचा मोसम जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतरचा, फेब्रुवारी ते मार्च. हवा कोरडी असते, ऊब असते, लाकूड अजून मे महिन्याएवढं आखडलेलं नसतं. पावसाळ्यात तेल सुकता सुकत नाही. आणि सागवानी किंवा शिसवी दस्ता असेल तर दर वेळी आधी थिनरने पुसून घ्या. या लाकडांत स्वतःची अशी द्रव्यं असतात की ती जवसाचं सुकणं रोखून धरतात.

तेलाच्या चिंध्या

हा भाग बंदूक नसलेल्यांनीही वाचावा. जवस तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं. दस्त्यावरच्या पातळ थरातली ती हवेत विरून जाते. चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आतच कोंडते, उष्णतेने तेल आणखी जोरात सुकतं, आणखी उष्णता होते, आणि काही तासांत बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही.

फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग अशाच जवस तेलाच्या चिंध्यांतून सुरू झाली होती. लाकडी तक्तपोशीचं काम करून त्या बाविसाव्या मजल्यावर टाकल्या होत्या. आग विझवताना तीन जवान गेले. वरच्या मजल्यांवर पाण्याचे फवारे बसवलेले होते, तिथे पोचल्यावरच ती थांबली.

सोलापुरात चिंध्यांची कमी नाही. यंत्रमागाच्या, गारमेंटच्या कातरणाच्या पिशव्या घरोघरी, दुकानोदुकानी पुसायला ठेवलेल्या असतात. तेलाची चिंधी त्या पिशवीत परत टाकायची नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ. चिंधी उलगडून, एकेक सुटी, बाहेर तारेवर किंवा कुंपणावर पसरा. कडक झाली की तिचा धोका संपला. नाहीतर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा.

त्यापेक्षा पीयू (पॉलियुरेथेन वॉर्निश) का मारू नये?

फर्निचरवाला हेच सुचवेल आणि बाष्पाच्या बाबतीत त्याचं खरं आहे. पीयूचे दोन-तीन हात जवसापेक्षा कितीतरी जास्त बाष्प अडवतात. कपाटात राहणाऱ्या, वर्षातून एकदा रेंजवर जाणाऱ्या बंदुकीला पीयू उत्तम.

रानातल्या बंदुकीचं वेगळं. ती ट्रॅक्टरच्या पत्र्याला घासते, बाभळीला घासते. पीयूचा थर एका जागी फुटला की तिथून पाणी थराखाली शिरतं, पांढरा फुगा येतो आणि दुरुस्तीला सगळा थर उतरवावा लागतो. तेलाच्या दस्त्यावर ओरखडा आला तर त्याच जागी दोन थेंब चोळले की मिटलं. लाखेच्या पॉलिशची अडचण आणखी मोठी. ते दिसतं सुंदर, पण पाणी साचून राहिलं की पांढरं पडतं. ठाण्यातून आलेल्या बऱ्याच दस्त्यांवरचे पांढुरके डाग असेच असू शकतात. त्यात लाकूड खराब झालेलं नसतं, वरचा थर रुसलेला असतो.

मशीनच्या तेलाचं काय?

ते लोखंडासाठी आहे. ते कधीच सुकत नाही आणि लाकडात शिरलं की तंतू मऊ करतं. नळीत आणि यंत्रात सढळ हाताने तेल घालून बंदूक दस्ता खाली करून उभी ठेवली की जास्तीचं तेल ओघळून थेट दस्त्याच्या डोक्यात जातं. लाकूड तिथेच सगळ्यात पातळ, आणि धक्काही तिथेच बसतो. जुन्या बाराबोरचा लोखंडाजवळचा भाग काळाकुट्ट दिसतो तो यामुळे. म्हणून साफसफाईनंतर दोन-तीन दिवस बंदूक उलटी, नळी खाली करून, जाड कापडावर उभी ठेवावी.

मुरलेलं तेल काढायला खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप द्यायचा, सुकू द्यायचा, झटकायचा. पूड तेलकट पिवळी निघते. निघायची बंद होईपर्यंत हेच करत राहायचं. काळं लाकूड पुन्हा पहिल्यासारखं उजळणार नाही, पण जवस धरण्याइतकं मोकळं होतं.

पॉलिशवाल्याकडे का द्यायची नाही?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे 'नुसता दस्ताच दिलाय' हा बचाव भक्कम नाही. फर्निचरचा कारागीर कितीही हुशार असला तरी चार दिवस बंदूक त्याच्या दुकानात ठेवणं तुम्हालाही महागात पडेल आणि त्यालाही. जत्रेत फुगे फोडायच्या छर्‍याच्या बंदुकीला, म्हणजे ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला, २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. हात बसवायचा असेल तर सराव तिच्या दस्त्यावर करा.

तेल-मेण मालकाने घरी स्वतः करावं. दस्ता लोखंडापासून वेगळा करायचा असेल, चीर चिकटवायची असेल किंवा पन्हळ घासायची असेल, तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे जा आणि परवाना सोबत न्या. त्याने दस्ता उतरवला की पट्टीखालचं तोंड आणि पन्हळ एकदा स्वतः बघून घ्या. कोरडी दिसली तर परत बसवण्याआधी तिथे तेल पाजायला सांगा.